काळं म्हणजे शाई

सकाळपासून गरम वारा सुटला होता. असा वारा सुटला की त्या लॅबमध्ये दोन गोष्टी बिघडायच्या, मेण आणि माणसं. रुग्णांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणाच्या वड्यांत बसवलेले असतात. वडी मऊ पडली की पात्याखालून तिचा पापुद्रा सरळ निघत नाही, जुन्या मोज्यासारखा गोळा होतो. रंगारी बर्फाच्या ट्रेवर वड्या पालथ्या घालत होता, पुसत होता, पुन्हा पालथ्या घालत होता आणि तोंडातल्या तोंडात वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. रंगारी म्हणजे ते पापुद्रे काचेवर चढवून त्यांना रंग देणारा तंत्रज्ञ. त्याला त्याच्या खऱ्या नावानं फक्त त्याची बायको हाक मारत असावी.

खिडकीपाशी, कापायच्या टेबलाजवळ, करवत उभी होती. हीसुद्धा ठेवलेल्या नावाची. काम पॅथॉलॉजिस्टचं, कापून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघून रोग ओळखायचं.

"हा डबा कुणी आणला?" तिनं दारातल्या वॉर्डच्या मावशीला विचारलं.

"मी. का?"

"एवढं मोठं गर्भाशय आणि टिकवायचं औषध चमचाभर? मांस सडवून पाठवायचं आणि वर निदान मागायचं, हा कुठला न्याय?"

"मला काय विचारता बाई? मी काय त्यात माझ्या पदरचं ओतू?"

"ओता. नाहीतर परत न्या आणि ज्यानं काढलं त्याला म्हणावं, होतं तिथं बसव."

मावशी निघाली, पण नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली, "येता कापते, जाता कापते. करवत ती करवतच."

करवतीला त्याचा राग नव्हता. बोथट म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं तिचं मत. तिचा स्वभाव आजचा नव्हता. शिकत असताना तिनं एका बाईला तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या पोराला ऐकू येत नाही आणि येणारही नाही. बाईनं तिच्या कानाखाली वाजवली होती. तेव्हाच्या प्राध्यापकांनी सल्ला दिला, "तुम्ही जिवंत माणसांपासून लांब राहा, दोघांचंही भलं होईल." तिनं तो मनावर घेतला. तुकड्याशी गोड बोलावं लागत नाही. तुकडा रडत नाही, नातेवाईक घेऊन येत नाही. तो फक्त खरं सांगतो, तेही बघणाऱ्याला डोळे असले तर.

त्या दिवशी मात्र तिचं कापण्यात लक्ष नव्हतं. आदल्या संध्याकाळचा एक शब्द डोक्यात कुसळासारखा रुतला होता.

ती राहायची ती इमारत दोन भावांची. वरच्या मजल्यावर करवत आणि तिचा नवरा, खाली थोरला भाऊ आणि त्याची बायको. या थोरल्या जावेला सगळं घर थोरलीच म्हणे. थोरली शिलाईचं काम करायची. शाळांचे गणवेश, कोट, पडदे, काय म्हणाल ते; दिवसभर तिच्या मशीनचा खडखडाट वरच्या फरशीला ऐकू यायचा. जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात, पण या दोघींचा दावा उभा-आडवा दोन्ही होता.

संध्याकाळी करवत जिना चढत होती तर थोरली दारात शेजारणीशी बोलत उभी.

"झालं एकदाचं," थोरली सांगत होती. "पाळी जाऊन वर्षं लोटली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं, म्हणून गेले. आत मसासारखं काही निघालं. काढून टाकलं. काही नाही म्हणाले."

"मस? तिथं?"

"हो ना. आणि काळा म्हणे. काजळाचं बोट लावावं तसा. दुखत नाही, खुपत नाही." तेवढ्यात तिला जिन्यावरची धाकटी दिसली. आवाज मुद्दाम चढला. "या! आमच्या मुडदेकापी आल्या. यांच्याच लॅबनं सांगितलं हं, काही नाही म्हणून. बाई रजेवर होत्या तेव्हाच उरकून घेतलं मी. यांच्या हातात पडले असते तर यांनी एव्हाना मला पोचवलं असतं."

शेजारीण हसली. करवत काही बोलली नाही, आणि थोरलीला ते लागलं, कारण करवत न बोलता कधी जिना चढली नव्हती.

काळा.

गर्भाशयाचे काप डब्यात घालून तिनं हातमोजे काढले आणि काचांच्या कपाटाकडे गेली. थोरलीची काच सापडायला वेळ लागला नाही. आडनाव एकच होतं.

इथं त्या लॅबची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंगातून तुकडा काढला की त्याच्या कापलेल्या कडेला शाई लावतात. रोग कडेपर्यंत पोचलाय की अलीकडेच थांबलाय, हे मग काचेवर शाईवरून कळतं. बाकी ठिकाणी निळी, हिरवी, पिवळी अशा शाया असतात. इथं एकच बाटली, काळी. साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, काळ्यावर शिकले, म्हणून लॅब काळ्यावर चालली. परिणाम असा की इथल्या प्रत्येक काचेवर कुठे ना कुठे काळं असायचंच, आणि रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते. नव्यानं आलेल्याला पहिल्याच आठवड्यात पाठ व्हायचं, काळं म्हणजे शाई. बघायचं आणि पुढे जायचं.

करवतीनं काच लावली. तुकडा लहान, वरून झिजून फुटलेला, सुजलेला. एका बाजूला शाईची रेघ. साहेबांनी निदान दिलं होतं, सुजलेला साधा मस. वरवर बघितलं तर कुणीही तेच दिलं असतं. मग तिनं भिंग वाढवलं. काळं नुसतं कडेला नव्हतं. आत, अस्तराच्या खाली, घोळक्यानं बसलेल्या पेशींच्या पोटात बारीक काळसर भुकटी होती. भुकटी इतकी दाट की खालची पेशी कशी आहे तेच दिसत नव्हतं.

तिनं काच उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेली. दार वाजवायची तिला सवय नव्हती.

"ही बघा."

"बघितलीय. सहीसुद्धा केलीय."

"पुन्हा बघा."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंगात डोकावले आणि लगेच मागे टेकले. "काळं दिसतंय. शाई आहे. आपणच लावतो."

"शाई कडेला असते. हे पेशींच्या आत आहे."

"झिरपली असेल. चिरफाळलेला तुकडा आहे."

"झिरपलेली शाई फटीत बसते. पंगतीत वाढल्यासारखी पेशीपेशीला वाटलेली नसते."

"मग म्हणणं काय आहे तुमचं?" साहेबांच्या ओठांचा कोपरा वर गेला. "मेलॅनोमा? योनिमार्गात? तिथं ऊन कुठून आलं हो बाई?"

"उन्हाचा काय संबंध? रंग बनवणाऱ्या पेशी काही बायकांच्या तिथंही असतात. जिथं पेशी, तिथं तिचा कॅन्सर."

"आख्ख्या नोकरीत माझ्या डोळ्यांखालून असा एक गेलेला नाही."

"गेले असतील. शाई म्हणून."

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांची नजर काचेच्या चिठ्ठीवर गेली आणि तिथंच थांबली.

"हे आडनाव तुमचं ना?"

"थोरली जाऊ आहे माझी."

"अस्सं! म्हणजे घरातल्या बाईची काच परस्पर काढून बघितलीत. कुणाला विचारून? आणि जिच्यात नि तुमच्यात विस्तव जात नाही, हे अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे, तिलाच नेमका कॅन्सर सापडतो?" त्यांनी काच तिच्याकडे सरकवली. "जावांची भांडणं घरी. माझ्या टेबलावर नकोत."

करवतीचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिनं उचलला, काच घेतली आणि बाहेर पडली. दार जोरात आपटलं, पण ते वाऱ्यानं.

"थोरल्या जावेची वडी काढ," ती रंगाऱ्याला म्हणाली. "दोन पापुद्रे काप. एक नेहमीसारखा रंगव. दुसरा आधी धुऊन काढ."

"साहेबांनी सांगितलंय?"

"मी सांगतेय."

"मग साहेब विचारतील तेव्हा काय सांगू?"

"सांग, करवतीनं मानेवर पातं ठेवलं."

"तेवढं खोटं होणार नाही," रंगारी म्हणाला आणि वडी बर्फावर ठेवली.

धुणं म्हणजे असं. पापुद्रा चढवलेली काच आधी परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात ठेवायची, मग एका आम्लाच्या पाण्यात. शरीरानं बनवलेला काळा रंग या पाण्यांत विरून जातो. शाई म्हणजे शेवटी काजळी. तिला जांभळं पाणी दाखवा नाहीतर गंगाजळ, ती ढिम्म हलत नाही. आणि या तुकड्याला तर कडेला खरी शाई लावलेलीच होती. फसवणूक कुणाची होतेय, ते एकाच काचेवर कळणार होतं.

वारा चालू होता. दोन पापुद्रे चुरगळले, तिसरा फाटला. रंगाऱ्यानं हात थांबवून कपाळ पुसलं, नवा बर्फ आणला, पुन्हा कापायला बसला. करवत त्याच्या डोक्यावर उभी होती.

"बाई, तुम्ही अशा उभ्या राहिलात की पातंसुद्धा घाबरतं. जरा लांब उभ्या राहाल का?"

ती लांब उभी राहिली. हेही नवलच.

काच तयार झाली तेव्हा ती ओलीच भिंगाखाली गेली. कडेची काळी रेघ जशीच्या तशी. आतलं काळं गेलेलं. आणि इतका वेळ भुकटीच्या बुरख्याआड बसलेल्या पेशी आता उघड्या पडल्या होत्या. मोठ्या, वेड्यावाकड्या, एकेकीच्या केंद्रकात मधोमध ठळक लाल ठिपका, रागानं बघणाऱ्या डोळ्यासारखा.

करवतीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायलाच हवं. तिच्या मनात आलं, बघ म्हाताऱ्या! तिला आनंद झाला. धडधडीत आनंद. मग भिंगातून डोळा काढताना काचेवरचं आडनाव दिसलं आणि तो आनंद तोंडातच कडू झाला.

साहेबांनी या खेपेला बराच वेळ बघितलं. काच पुढेमागे सरकवली, कडेची रेघ बघितली, आत आले, पुन्हा कडेला गेले. शेवटी म्हणाले, "खास रंग लावा." म्हणजे फक्त याच जातीच्या पेशींना चिकटणारा, खात्रीचा रंग. दुसऱ्या दिवशी तोही चिकटला. साहेबांनी सुधारलेल्या निदानावर सही केली आणि पेन टोपण न लावताच टेबलावर टाकलं.

"झालं समाधान?"

"नाही. काळी शाई बंद करा."

"मी निवृत्त झाल्यावर करा." आणि ती दारापाशी पोचल्यावर मागून, "घरच्या काचा परस्पर काढल्याबद्दल खुलासा लागेल मला. लेखी."

"देते. त्यात शाईचंही लिहिते," करवत म्हणाली. पुढे दोघांमध्ये कामापुरतंसुद्धा नीट बोलणं झालं नाही.

पण निदान कागदावर बरोबर होऊन काय उपयोग, ते माणसापर्यंत पोचायला नको? ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमच्या जाऊबाई फोन उचलत नाहीत. एकदा उचलला आणि म्हणाल्या, आधी काही नाही म्हणालात, आता आहे म्हणता, माझ्या जावेनं घोळ घातलाय. आणि ठेवून दिला. अहो, रोग शाईच्या रेघेपर्यंत गेलाय. मागे काहीतरी राहिलंय. स्कॅन करायचेत, पुन्हा मोठं काढायचंय. हा आजार थांबत नाही. तुम्ही बोला."

"मी बोलले तर ती मुद्दाम येणार नाही."

"मग कसं आणायचं ते तुम्हीच बघा. घर तुमचं आहे."

घर! त्या घरात आजारपण या एका विषयावर करवतीनं कधीच तोंड उघडायचं नाही, असं थोरलीनं ठरवून टाकलं होतं. थोरलीची आई शेवटच्या दिवसांत लेकीकडे होती. पोटात गाठ. सगळ्यांनी मिळून म्हातारीला सांगितलं होतं की पित्त आहे. एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना म्हातारीनं सहज विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे पित्त कधी बरं होईल गं?" आणि करवतीनं घास गिळून सांगितलं, "पित्त नाही ते. कॅन्सर आहे. बरं होणार नाही." म्हातारीनं ताट सरकवलं ते कायमचं. थोरलीचं म्हणणं, आई रोगानं गेली नाही, जिभेनं गेली. करवतीचं म्हणणं, विचारलं म्हणून सांगितलं. तिनं माफी मागितली नव्हती आणि मागणारही नव्हती.

दुपारी ती घरी आली आणि वर न चढता थोरलीच्या दारात गेली. थोरली काळ्या कोटाला अस्तर जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोल. मशीन चालू असतानाच बोल, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता येईल मला."

"जाऊबाई, तुम्हाला हॉस्पिटलात परत जावं लागेल."

खडखड, खडखड.

"तो मस साधा नव्हता."

"तुला साधं काय दिसतं गं? पावसात भिजलेल्या माणसालाही तू न्यूमोनिया सांगशील."

"मेलॅनोमा आहे. काळ्या रंगाचा कॅन्सर. फार क्वचित होतो. आमच्याकडे चूक झाली."

मशीन थांबलं. "तुमच्याकडे? म्हणजे तू केलीस?"

"नाही. पण केली आमच्याच लॅबनं."

"कशी?"

"कडेला काळी शाई लावतो आम्ही. हा रोगही काळा. दोन्ही एकच वाटलं."

थोरलीनं हातातला कोट उलटा केला. काळं कापड, काळा दोरा. तिनं नखानं टाका शोधला, चाचपडली, पुन्हा शोधला. मग म्हणाली, "काळ्यावर काळं शिवताना मी उजेडात बसते. तुमच्याकडे दिवे नाहीत का?"

करवतीनं खाली पडलेली दोऱ्याची रीळ उचलून मशीनवर ठेवली.

"माझा तुझ्यावर विश्वास नाही," थोरली म्हणाली. "जावेला कॅन्सर व्हावा, पीडा टळावी, असं तुला आतून वाटत नसेल कशावरून?"

"वाटत असेल. पण काच मी बनवलेली नाही."

"मग दाखव मला. आत्ता. आईला नुसतं सांगितलंस. मला दाखव."

लॅबमध्ये थोरली पहिल्यांदाच आली होती. नाकाला पदर लावून उभी राहिली, डब्यांकडे बघायचं टाळलं. रंगाऱ्यानं स्टूल पुसून दिलं. दोघांनी मिळून बघायच्या मायक्रोस्कोपला दोघी दोन बाजूंनी बसल्या. इतक्या जवळ त्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या.

"ही आधीची. काळं दिसतंय?"

"दिसतंय. सगळीकडे सांडल्यासारखं."

"आता ही धुतलेली. कडेची रेघ बघा, तशीच आहे ना? ती शाई. आणि आतलं?"

थोरली श्वास रोखून बघत राहिली. शिवणाऱ्या बाईचा डोळा, एका जागेवरून हलेना. "गेलं," ती म्हणाली. "आणि खाली हे काय ठिपके ठिपके?"

"तेच."

"हे माझ्यात आहेत?"

"होते. काही राहिले असतील. किती, ते स्कॅन करून आणि काढल्यावर कळेल."

थोरलीनं डोळा काढला. तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते. "वाचेन का?"

रंगाऱ्यानं नळ सोडला आणि उगाच भांडी धुवायला घेतली.

"माहीत नाही," करवत म्हणाली. "वाईट आजार आहे. गेलात तर संधी आहे. नाही गेलात तर नाही."

"गोड बोलायला काय पैसे पडतात गं तुला?"

"खोटं बोलायला पडतात."

थोरली उठली. पदर नीट केला. "कुठं बसते ती डॉक्टरीण?"

"दुसऱ्या मजल्यावर. मी येते सोबत."

"नको. तुझं तोंड बघून मला धडधाकट असतानाही बरं वाटत नव्हतं." दारापाशी ती वळली. "आणि एक ऐक. घरी तू सांगायचं नाहीस. ह्यांना नाही, तुझ्या नवऱ्यालाही नाही. कुणी जेवताना विचारलं, खोदून विचारलं, तरी नाही. माझं आहे, मी सांगेन. वाटेल तेव्हा सांगेन."

करवतीनं तोंड उघडलं. खूप काही होतं तोंडात. नवऱ्याला कळायला हवं, रक्त लागलं तर, सही कुणाची, किती दिवस लपवणार. थोरली तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तोंड मिटेपर्यंत.

"नाही सांगणार," करवत म्हणाली.

"बघते," थोरली म्हणाली आणि जिन्याकडे गेली. चपलांचा आवाज वर जाताना ऐकू आला, खाली नाही.

रंगाऱ्यानं नळ बंद केला. "बाई, जाऊबाई तुमच्यापेक्षा धारदार आहेत."

"वड्या बर्फावर घाल," करवत म्हणाली. तिनं हातमोजे चढवले, पुढचा डबा ओढला आणि झाकण उघडलं. पित्ताशय होतं, औषध या खेपेला काठोकाठ. तिनं ते फळीवर आडवं घेतलं, कात्रीनं लांबीत चिरलं, हिरवं पित्त पाण्यानं धुऊन काढलं आणि भिंतीची जाडी मोजायला पट्टी लावली.